लिफ्टचे पैसे कोण देणार? अमेरिकेतल्या स्वातंत्र्याच्या भांडणाबद्दल

प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. विचारणारे गृहस्थ नाशिकचे, मुलगा ऑगस्टमध्ये एमएसला अमेरिकेत निघालाय. युनिव्हर्सिटीने फीच्या बिलात हेल्थ इन्शुरन्सचे पैसे न विचारता लावून टाकलेत, नको असेल तर फॉर्म भरा म्हणतात. त्यातच त्यांनी बातमी वाचली की न्यूयॉर्कचे नवे महापौर झोहरान ममदानी यांनी १ जानेवारी २०२६ ला शपथविधीच्या भाषणात व्यक्तिवादाचा गारठा घालवून सामूहिकतेची ऊब आणू अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. तर त्यांचं म्हणणं असं, की हा देश नक्की व्यक्तिस्वातंत्र्यवाला आहे की समाजवादाकडे चाललाय? आणि स्वातंत्र्याचा एवढा डंका असेल तर माझ्या पोराला इन्शुरन्सची सक्ती कशाला?

साहेब, हे दोन प्रश्न नाहीत, एकच आहे. मी काही राजकारणाचा अभ्यासक नाही. न्यू जर्सीत २२ वर्षं ग्रुप हेल्थ इन्शुरन्सचे रेट काढतोय, म्हणजे अमुक कंपनीत एवढी माणसं, त्यांची वयं ही, मागच्या वर्षीचे क्लेम हे, तर पुढच्या वर्षी प्रीमियम किती, हा माझा धंदा. त्यामुळे मी जे सांगणार ते गल्ल्यावर बसलेल्या माणसाला दिसतं तेवढंच. पण गल्ल्यावरून बऱ्याच गोष्टी दिसतात ज्या भाषणात दिसत नाहीत.

पहिली गोष्ट. अमेरिकन माणूस सामूहिकतेच्या विरुद्ध आहे असं इकडे येण्याआधी मलाही वाटायचं. तसं नाहीये. त्याला सामूहिक गोष्टी भरपूर चालतात, फक्त दोन अटी असतात, एक म्हणजे ती 'माझी कमाई' वाटली पाहिजे, आणि दुसरी म्हणजे बाहेर पडायचा दरवाजा तरी असला पाहिजे नाहीतर दरवाजा नाहीये हे त्याच्या लक्षात तरी येता कामा नये. भांडण होतं ते दरवाजा बंद करताना कडीचा आवाज झाला की.

पगाराची स्लिप घ्या. माझ्या पहिल्या पेस्टबवर ओएएसडीआय नावाची एक ओळ होती, मला वाटलं इन्कम टॅक्सचाच काहीतरी प्रकार. ते सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शन. पगारातून ६.२ टक्के तुमचे, तेवढेच कंपनीचे, वर मेडिकेअरचे, म्हणजे म्हाताऱ्यांच्या सरकारी आरोग्य विम्याचे, १.४५ आणि १.४५. कुठलाही फॉर्म नाही, कुणी विचारत नाही, सही नाही. १९३५ साली फ्रँकलिन रूझवेल्टने हा कायदा केला आणि डोकं असं लावलं की पैसे सरळ पगारातून कापले जातील, प्रत्येकाच्या नावाने नंबर असेल, म्हणजे प्रत्येकाला वाटेल हे माझे साठवलेले पैसे आहेत, आणि मग पुढचा कुठलाही पुढारी त्याला हात लावायची हिंमत करणार नाही. झालंही तसंच. २००५ साली जॉर्ज बुश यांनी त्यातला काही भाग खाजगी खात्यात टाकू म्हटलं, दोन्ही सभागृहांत त्यांच्याच पक्षाचं बहुमत, तरी प्रकरण मतदानापर्यंतसुद्धा गेलं नाही.

आता हे खरंच साठवलेले पैसे असतात का? व्हरमाँटमध्ये आयडा मे फुलर नावाची बाई होती, दरमहाचा पहिला चेक तिला मिळाला, ३१ जानेवारी १९४०, रक्कम २२ डॉलर ५४ सेंट. तिने त्याआधी तीन वर्षांत एकूण भरले होते २४ डॉलर ७५ सेंट. म्हणजे दुसऱ्या चेकला बाईंचे पैसे फिटले. पुढे त्या वयाच्या शंभरीपर्यंत जगल्या आणि एकूण २२ हजार डॉलरच्या वर घेऊन गेल्या. कुणाचे पैसे होते ते? तेव्हा नोकरी करणाऱ्या इतर सगळ्यांचे. शुद्ध सामूहिकता आहे ही, आजची पोरं आजच्या म्हाताऱ्यांना सांभाळतायत, आपल्याकडे एकत्र कुटुंबात होतं तेच, फक्त घर केवढं मोठं. पण कुठल्याही निवृत्त अमेरिकन माणसाला हे सांगून बघा, तो म्हणेल माझ्या घामाचे पैसे आहेत, सरकारचं दान नाही. २००९ मध्ये ओबामांच्या आरोग्य योजनेवर गावोगाव सभा चालू होत्या तेव्हा साउथ कॅरोलायनातल्या एका सभेत एक मतदार उठून आपल्या खासदाराला म्हणाला, माझ्या मेडिकेअरला सरकारने हात लावायचा नाही. मेडिकेअर सरकारचंच! लोक त्याला हसले. मी नाही हसलो, कारण माझ्या अनुभवात हेच अमेरिकन राजकारणाचं सगळ्यात प्रामाणिक वाक्य आहे.

आणि कायद्याने बघायला गेलं तर ते पैसे तुमचे नाहीतच. ही केस मराठी माणसाने, त्यातही एच-वन-बी वाल्याने, म्हणजे इकडे नोकरीच्या व्हिसावर असलेल्याने, वाचायलाच पाहिजे. एफ्रम नेस्टर नावाचा एक बल्गेरियन माणूस १९१३ मध्ये इकडे आला, १९३६ पासून १९ वर्षं सोशल सिक्युरिटी भरली, १९५५ मध्ये पेन्शन सुरू झाली, आणि १९५६ मध्ये त्याला देशाबाहेर काढलं, कारण काय तर तो १९३३ ते ३९ कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता, आणि तेव्हा ते सभासद असणं बेकायदासुद्धा नव्हतं. पेन्शन बंद. तो कोर्टात गेला की ही माझी मालमत्ता आहे. सुप्रीम कोर्टाने १९६० मध्ये ५ विरुद्ध ४ ने निकाल दिला, की नाही, सोशल सिक्युरिटीत तुमचा मालमत्तेसारखा हक्क नाही, काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, वाटलं तर नियम बदलता येतो. गंमत बघा, जुना कम्युनिस्ट म्हणतोय माझी खाजगी मालमत्ता मला द्या, आणि कम्युनिझमविरुद्ध लढणारं सरकार म्हणतंय खाजगी वगैरे काही नाही, सगळं सामूहिक आहे! ही केस मी ऑफिसमध्ये नव्या पोरांना सांगतो तेव्हा त्यांना वाटतं मी बनवून सांगतोय.

आपल्या लोकांचं यात काय? तुमचा मुलगा एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आहे तोवर साधारण पहिली पाच वर्षं त्याच्या पगारातून हे पैसे कापत नाहीत. एच-वन-बी लागला की कापायला लागतात. पेन्शनला पात्र व्हायला ४० क्रेडिट लागतात, म्हणजे साधारण दहा वर्षांची नोकरी. अमेरिकेचे सुमारे ३० देशांशी करार आहेत की तिकडची आणि इकडची वर्षं एकत्र धरायची, भारताशी तसा करार नाही, भारत सरकार कित्येक वर्षं मागे लागलंय. म्हणजे हिंजवडीतून आलेला पोरगा सहा वर्षं काम करून परत गेला तर त्याने भरलेले पैसे गेले अमेरिकेतल्या म्हाताऱ्या माणसांना, आणि त्याला मत द्यायचा अधिकार तर आधीपासूनच नव्हता. माझ्या बरोबर आलेले दोघं असेच परत गेले, एक तर साडेनऊ वर्षं भरून. त्याला अजून फोनवर 'दोन क्रेडिट राहिले रे' म्हणून चिडवतो आम्ही, पण त्याला ते हसू येत नाही.

बरं, आता माझ्या धंद्याकडे येतो.

तुमच्या सोसायटीत तळमजल्यावरचे लोक लिफ्टचे पैसे द्यायला का-कू करतात की नाही? त्यांचं म्हणणं तर्काला धरूनच असतं, मी वापरत नाही तर मी का भरू. आता समजा सोसायटीने ठराव केला की ज्याला वापरायची त्याने भरा. पहिल्या महिन्यात तळमजला बाहेर. उरलेल्यांचा वाटा वाढला, मग पहिल्या मजल्यावरचा म्हणतो मी जिन्याने जातो, गुडघ्यांनाही बरं. परत वाटा वाढला. शेवटी सातव्या मजल्यावरच्या दोन आजी उरतात आणि लिफ्टचा सगळा खर्च त्यांच्यावर. इन्शुरन्समध्ये याला डेथ स्पायरल म्हणतात. हे पुस्तकी नाही, आमच्या न्यू जर्सीत घडलंय. १९९२ मध्ये राज्याने कायदा केला की आजारी माणसालाही पॉलिसी नाकारायची नाही आणि आजार बघून जास्त दर लावायचा नाही. फार चांगला कायदा, हेतू उत्तम. पण सगळ्यांनी घेतलीच पाहिजे असं काही त्यात नव्हतं. मग धडधाकट माणूस म्हणायला लागला की आजारी पडलो की घेऊ, कुठे पळून जातेय पॉलिसी. प्रीमियम चढत गेले, धडधाकट माणसं निघत गेली. मी नोकरीला लागलो तेव्हा माझा सीनियर त्या मार्केटचे जुने रेट दाखवून म्हणायचा, बघ, दरवाजा उघडा ठेवला की सगळ्यात आधी कोण निघतं ते.

म्हणून २०१० च्या ओबामाकेअरमध्ये सक्ती होती, इंडिव्हिज्युअल मँडेट. इन्शुरन्स घ्या नाहीतर दंड भरा, २०१६ साली माणशी ६९५ डॉलर किंवा उत्पन्नाच्या अडीच टक्के, जे जास्त असेल ते. आता ही कल्पना कुणाची? डाव्यांची अजिबात नाही. १९८९ मध्ये हेरिटेज फाउंडेशन या उजव्या विचारांच्या संस्थेने मांडलेली, त्यांचा मुद्दा व्यक्तिगत जबाबदारीचा होता, म्हणजे तू स्वतःची सोय कर, दुसऱ्यावर भार टाकू नकोस. २००६ मध्ये मॅसॅच्युसेट्सला रिपब्लिकन गव्हर्नर मिट रॉमनी यांनी ती अमलात आणली. चार वर्षांनी तीच गोष्ट ओबामांनी केली आणि ती एका रात्रीत स्वातंत्र्यावरचा घाला झाली. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टात सुनावणी झाली तेव्हा न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी विचारलं की उद्या सरकार ब्रोकोली विकत घ्यायची सक्ती करेल का? हसण्यावारी न्यायचा प्रश्न नाहीये तो, माणूस काहीच करत नसताना, नुसता घरी बसलेला असताना, सरकार त्याला 'काहीतरी विकत घे' असं म्हणू शकतं का? सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी मधला मार्ग काढला, विकत घ्यायची सक्ती करता येत नाही पण टॅक्स लावता येतो, आणि दंड हा टॅक्सच आहे. ५-४ ने कायदा वाचला.

सक्तीच्या बाजूचा मुद्दा मला कायम जास्त पटला, पण तो धंद्यामुळे असेल. १९८६ पासून इकडे कायदा आहे, रेगन यांच्या सहीचा, की इमर्जन्सीत आलेल्या माणसाला पैसे आहेत का न बघता तपासायचं आणि त्याची तब्येत स्थिर करायची. म्हणजे इन्शुरन्स न घेणारा माणूस 'माझं मी बघीन' म्हणतो खरा, पण अपघात झाला की त्याला रस्त्यावर मरू द्यायचं नाही हे आधीच ठरलंय. २०११ मध्ये रिपब्लिकन उमेदवारांच्या एका वादसभेत हाच प्रश्न रॉन पॉल यांना विचारला गेला, तीस वर्षांचा धडधाकट माणूस, इन्शुरन्स घेतला नाही, आता कोमात आहे, कोण भरणार? ते म्हणाले स्वातंत्र्य म्हणजे हेच, आपली जोखीम आपण घ्यायची. मग विचारलं, म्हणजे समाजाने त्याला मरू द्यायचं? प्रेक्षकांतून दोनचार जण 'हो' म्हणून ओरडले. पण रॉन पॉल स्वतः डॉक्टर, ते म्हणाले नाही, मी मेडिकेड, म्हणजे गरिबांची सरकारी आरोग्य योजना, यायच्या आधी प्रॅक्टिस केलीय, तेव्हा चर्चवाले बघायचे, आम्ही कुणाला परत पाठवलं नाही. हे उत्तर नीट ऐका. देशातला सगळ्यात कडक व्यक्तिस्वातंत्र्यवादी माणूससुद्धा 'मरू दे' म्हणत नाहीये, तो म्हणतोय सामूहिक सोय असू दे पण सरकारची नको, शेजाऱ्याची असू दे. खरा वाद तिथे आहे.

२०१७ च्या शेवटी ट्रम्प यांच्या टॅक्सच्या कायद्यात दंड शून्य केला, २०१९ पासून लागू. मी तेव्हा ऑफिसमध्ये पैज लावली होती की तीन वर्षांत मार्केट झोपणार. हरलो. कारण सबसिडी. सरकार लोकांच्या उत्पन्नाप्रमाणे प्रीमियमचा भार उचलत होतं, त्यामुळे दर वाढले तरी खिशातून जाणारे पैसे फार वाढत नव्हते, आणि २०२१ मध्ये सबसिडी आणखी वाढवली तेव्हा तर गर्दी झाली, २०२५ साठी २.४ कोटी लोकांनी नाव नोंदवलं. म्हणजे काठी काढून घेतली आणि गाजर मोठं केलं. सक्तीवर रस्त्यावर भांडणारा देश टॅक्समधून जाणाऱ्या सबसिडीवर तेवढा भांडत नाही, कारण तिथे कडीचा आवाज होत नाही. ती वाढीव सबसिडी २०२५ संपताना संपली, त्याच मुद्द्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये ४३ दिवस सरकार बंद होतं. आमच्या न्यू जर्सीने मात्र १९९२ चा चटका लक्षात ठेवून २०१९ पासून स्वतःची सक्ती लावलीय, राज्याच्या टॅक्स रिटर्नमध्ये दंड भरावा लागतो. एडिसनमध्ये राहणाऱ्या किती मराठी लोकांना हे माहीतच नसतं, मार्चमध्ये सीएकडे, म्हणजे इकडच्या भाषेत सीपीएकडे, गेल्यावर कळतं.

आता सगळ्यात मोठी सामूहिक व्यवस्था कुठली, तर नोकरीतून मिळणारा इन्शुरन्स. १५ कोटींच्या वर लोक त्यात आहेत. ती आली कशी? दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये सरकारने पगारवाढ गोठवली, कंपन्यांना माणसं तर हवी होती, मग त्यांनी पगाराऐवजी इन्शुरन्स द्यायला सुरुवात केली कारण तो पगारात धरला जात नव्हता, पुढे १९५४ च्या कायद्याने तो करमुक्त पक्का झाला. म्हणजे मूळ सरकारी नियंत्रणात, पोट सरकारी सवलतीवर, पण नाव खाजगी. आणि लहान कंपनीला ग्रुप पॉलिसी देताना आमच्यासारखे लोक काय विचारतात माहितीये? तुमच्यातले किती टक्के लोक येणार, साधारण ७५ टक्के तरी पाहिजेत. खाजगी इन्शुरन्स कंपनीची ही अट आहे. शुद्ध मँडेट! फक्त त्याला मिनिमम पार्टिसिपेशन म्हणतात म्हणून टीव्हीवर येत नाही.

एकदा पेनसिल्व्हेनियातल्या एका वेअरहाउसमध्ये एनरोलमेंटची मीटिंग घ्यायला गेलो होतो. लंचरूम, मागे व्हेंडिंग मशीन घरघरतंय, समोर पंचवीसेक माणसं, टेबलावर डोनटचे दोन डबे. फोर्कलिफ्ट चालवणारा एक तिशीतला पोरगा, टोपी उलटी, म्हणाला मला नकोय, मी आजारी पडत नाही, माझे पैसे माझ्या खिशात. मी नेहमीची टेप लावणार तेवढ्यात मागून एक पिकल्या मिशांचा माणूस म्हणाला, "अरे मग माझ्या बायपासचे पैसे कोण भरणार?" सगळे हसले. पोरगाही हसला. आणि त्याने फॉर्म भरला. मी विचार करत राहिलो की हेच वाक्य वॉशिंग्टनमधल्या एखाद्या सिनेटरने म्हटलं असतं तर तो पोरगा टेबल उलटं करून गेला असता. म्हाताऱ्याला तो रोज बघत होता, त्याच्याबरोबर डबा खात होता. फरक एवढाच.

आमिश, म्हणजे जुन्या वळणाच्या एका ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं उदाहरण दिल्याशिवाय हे पूर्ण होत नाही. आईबाबा इकडे आले की आपण त्यांना नायगारा दाखवतो आणि एका दिवसाची ट्रिप लँकेस्टरला, घोडागाडीतले काळ्या कपड्यातले लोक बघायला. या लोकांइतकी सामूहिकता अमेरिकेत क्वचितच कुठे सापडेल, कोठार जळालं की अख्खी मंडळी मिळून पुन्हा उभं करते, कुणी हॉस्पिटलमध्ये गेलं की बिल मंडळीतून वर्गणीने भरतात. १९५५ पासून सोशल सिक्युरिटी शेतकऱ्यांना लागू झाली, हे म्हणाले आम्ही भरणार नाही, आमच्या म्हाताऱ्यांना आम्ही सांभाळतो, सरकारी विमा घेणं म्हणजे देवावर विश्वास नाही म्हणण्यासारखं. १९६१ मध्ये टॅक्सवाल्यांनी पेनसिल्व्हेनियातल्या व्हॅलेंटाइन बायलर नावाच्या आमिश शेतकऱ्याचे तीन घोडे जप्त केले, ऐन नांगरणीत. त्यावर एवढी बोंब झाली की शेवटी १९६५ च्या कायद्यात, ज्या कायद्याने मेडिकेअर आलं त्यातच, आमिश लोकांना सूट मिळाली, भरायचं नाही आणि घ्यायचंही नाही. तर बघा, देशातली सगळ्यात सामूहिक जमात व्यक्तीच्या धर्मस्वातंत्र्याच्या नावाने सरकारी सामूहिकतेतून बाहेर पडली. आणि आत? आत बाप्तिस्मा घेतल्यावर कुणी मंडळी सोडली तर घरचे त्याच्याबरोबर एका टेबलावर जेवत नाहीत. मी स्वातंत्र्यवाद्यांना हा प्रश्न विचारतो, ज्यांचा लाडका मुद्दा 'सरकार नको, समाज बघेल' हा असतो, की त्या समाजातून बाहेर पडायचा दरवाजा कुठाय? आपल्याला तर जात-पंचायत माहितीये, आपण हे जास्त चांगलं समजू शकतो.

आता राजकीय पक्षांचं पटकन सांगतो कारण त्यात फारसा दम नाही. कुठला पक्ष स्वातंत्र्याचा आणि कुठला समूहाचा असा हिशोब मांडायला गेलात तर दर पाच वर्षांनी वही फाडावी लागेल. 'माझं शरीर माझा निर्णय' ही घोषणा गर्भपाताच्या हक्कासाठी होती, कोविडमध्ये लस नको म्हणणाऱ्यांनी तीच उचलली, आणि लसीच्या सक्तीचं समर्थन करणारे १९०५ च्या देवीच्या लसीच्या केसकडे बोट दाखवायला लागले, ज्यात लस न घेणाऱ्याला ५ डॉलर दंड झाला होता. ऑगस्ट २०२५ मध्ये ट्रम्प सरकारने इंटेल कंपनीत सुमारे १० टक्के हिस्सा घेतला, हे एखाद्या डेमोक्रॅट अध्यक्षाने केलं असतं तर काय झालं असतं याची कल्पना करा. न्यू हॅम्पशायर राज्याचं ब्रीद 'स्वतंत्र जगा नाहीतर मरा', मोठ्यांना सीटबेल्टची सक्ती नसलेलं एकमेव राज्य, आणि हायवेवर दारूची दुकानं कुणाची? राज्य सरकारची. हेच ब्रीद तिथे गाडीच्या नंबरप्लेटवर छापलेलं असतं, एका माणसाने ते पटत नाही म्हणून झाकलं तर त्याला १५ दिवस जेलमध्ये टाकलं होतं, १९७७ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याची बाजू घेतली. स्वातंत्र्याची पाटी काढली म्हणून जेल!

पण एक गोष्ट जरा थांबून सांगण्यासारखी आहे कारण तिचा आपल्याशी संबंध आहे. अमेरिकेचा ग्रामीण भाग म्हणजे कट्टर उजवा, समाजवाद शब्द काढला तरी कपाळावर आठी. पण तिथे दिव्याचं बटण दाबलं की वीज बऱ्याच ठिकाणी सहकारी संस्थेची येते. १९३० च्या दशकात दहातल्या नऊ शेतांवर वीज नव्हती, खाजगी कंपन्यांना तार ओढणं परवडत नव्हतं, मग रूझवेल्टच्या काळात सरकारने स्वस्त कर्ज दिलं आणि शेतकऱ्यांनी सोसायट्या काढल्या. नेब्रास्कात तर आजही घराला वीज पुरवणारी एकही खाजगी कंपनी नाही, सगळं सार्वजनिक नाहीतर सहकारी. नॉर्थ डकोटाची स्वतःची सरकारी बँक आहे, १९१९ पासून. दोन्ही राज्यं ट्रम्पना भरभरून मतं देणारी. आणि आपला संबंध असा की याच अमेरिकन सोसायट्यांच्या धर्तीवर, त्यांच्या माणसांच्या मदतीने, १९७० च्या आसपास भारतात पाच वीज सहकारी संस्था काढल्या होत्या, त्यातली एक आपल्या नगर जिल्ह्यातली मुळा-प्रवरा. माझं आजोळ श्रीरामपूरकडचं, लहानपणी बिल मुळा-प्रवराचं यायचं, एमएसईबीचं नाही. ती कल्पना कॅन्ससकडच्या शेतकऱ्यांसारख्या लोकांनी चालवून दाखवलेली आहे हे मला इकडे आल्यावर कळलं. मुळा-प्रवरा पुढे थकबाकीत गेली, २०११ मध्ये काम महावितरणकडे आलं. तिथेही प्रश्न लिफ्टचाच होता म्हणा, वीज सगळ्यांना पाहिजे आणि बिल भरायला कुणीतरी दुसरा.

म्हणून ममदानींच्या त्या वाक्याबद्दल माझं मत विचाराल तर, धोरण म्हणून त्यात क्रांतिकारक काही नव्हतं, शब्द मात्र जाणूनबुजून काढलेला होता. ज्याचा गारठा घालवू असं ते म्हणाले तो 'रगेड इंडिव्हिज्युअलिझम', म्हणजे कणखर व्यक्तिवाद, हा शब्दप्रयोग हर्बर्ट हूव्हर यांनी १९२८ च्या प्रचारात न्यूयॉर्कमध्येच गाजवला होता. आणि हे हूव्हर नावारूपाला आले कशामुळे? पहिल्या महायुद्धात बेल्जियममधल्या लाखो उपाशी लोकांना अन्न पोचवलं म्हणून! ममदानींनी उलटा हट्ट धरला आणि जी गोष्ट अमेरिका गेली ९० वर्षं दुसऱ्या नावाने करतेय तिचं खरं नाव घेतलं. राजकारणात हे शहाणपणाचं आहे का? न्यूयॉर्कमध्ये कदाचित, वेअरहाउसच्या लंचरूममध्ये नाही. तिथे पिकल्या मिशांचा माणूसच लागतो.

आता तुमच्या चिरंजीवांचं. युनिव्हर्सिटी सक्ती करते कारण तिला तिचा तळमजला आतच ठेवायचाय, बावीस-तेवीस वर्षांची पोरं म्हणजे सगळीच तळमजल्यावरची, म्हणून तर त्यांचा प्रीमियम बाहेरच्या मानाने स्वस्त पडतो. दरवाजा आहे, त्याला वेव्हर म्हणतात. भारतातून घेतलेली पॉलिसी दाखवून तो मिळू शकतो पण अटी नीट वाचा, बहुतेक ठिकाणी जुन्या आजारांना कव्हर पाहिजे, मानसिक आरोग्य पाहिजे, डिडक्टिबल, म्हणजे इन्शुरन्सने द्यायच्या आधी आपल्या खिशातून भरायची रक्कम, अमुक आकड्याच्या आत पाहिजे, आणि आपल्याकडच्या स्वस्त ट्रॅव्हल पॉलिसी नेमक्या तिथेच नापास होतात. त्याला लहानपणापासून दमा, थायरॉइड असं काही असेल तर वेव्हरच्या फंदात न पडता युनिव्हर्सिटीचीच ठेवा. माझ्या भाच्याने तीनशे-चारशे डॉलर वाचवायला बाहेरची घेतली होती, अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि हॉस्पिटलचं जे बिल आलं ते आम्ही दीड वर्ष हप्त्याने फेडलं, त्या पॉलिसीत रोजच्या खर्चावर मर्यादा होती ती त्याने वाचलीच नव्हती, मी इन्शुरन्समधला मामा असून मला विचारलं नाही. आणि वेव्हरची शेवटची तारीख सेमिस्टर सुरू झाल्यापासून काही आठवड्यांतच असते, युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवर आजच बघून घ्या, ती हुकली की पैसे फीमध्ये धरलेलेच राहतात.